जुनी ४०७ चढावर दम तोडते, पॉवर वाढवायची आहे: आधी पंपाच्या स्क्रूला हात लावू नका

वरूडकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडं १९९८ ची टाटा ४०७ आहे, साधं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनमध्ये जास्त हवा दाबणारा पंखा) नाही. संत्र्याच्या हंगामात कॅरेट भरून मुलताईकडं जाते, बाकी वर्षभर कापूस, तूर, सोयाबीन. चढावर सेकंडमध्येही दम तोडून राहिली, मागं काळा धूर. पंपवाला म्हणते डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतो, दुसरा एक मिस्त्री म्हणते जुना टर्बो टाकून देतो. भाऊ विचारून राहिले की यातलं काय करू अन इंजिन टिकेल का.

मी परतवाड्याच्या बाजूला तीस वर्षांपासून हेच काम करतो, ४०७, ७०९, जुन्या कँटर, आणि चिखलदऱ्याच्या घाटात बंद पडलेल्या गाड्या किती ओढून आणल्या त्याचा हिशोब नाही. थोडं लांब लिहीन, कारण या एका स्क्रूपायी चांगली चांगली इंजिनं गेलेली पाह्यली आहेत.

आधी हवेचं समजून घ्या. डिझेल टाकलं की ताकद येते हे खरं, पण ते जाळायला हवा लागते. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा पाहिजे, आणि सिलिंडरमध्ये दोघांना एकजीव व्हायला वेळच भेटत नाही, म्हणून काळा धूर न येऊ देता चालवायचं तर १८ ते २० किलो धरा. आता तुमचं इंजिन किती हवा ओढते पाहा. ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी), १०० चा स्ट्रोक (पिस्टनची चाल), चार सिलिंडर, म्हणजे २९५६ सीसी (टाटाच्या या इंजिनचं ४९७ हे नावच त्याच्यावरून आहे, चार सिलिंडर अन ९७ चा बोअर). क्रँकच्या दोन चक्करमागं एकदा हवा ओढते, म्हणजे २८०० आरपीएमवर सिलिंडर पुरते भरले तर मिनिटाला ४१०० लिटरच्या वर. पण बिनटर्बोचं इंजिन पुरतं कधीच भरत नाही, ८०-८५ टक्के भरलं तर भरलं, म्हणजे साडेतीन हजार लिटरच्या आसपासच. एवढीच हवा. पंपातून दुप्पट डिझेल टाकलं तरी हवा तेवढीच राहणार, वरचं डिझेल अर्धं जळून काजळी होऊन मागून निघणार अन जाताजाता पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड सगळं तापवून जाणार.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात ४५ डिग्री आपल्याला नवं नाही, आणि १५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीची हवा साडेनऊ टक्के पातळ असते, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये वजनानं तेवढी कमी. वरून सातपुड्याची उंची. म्हणून थंडीत जी गाडी बरी चढते तीच मे महिन्यात धूर सोडते, गाडी तीच, डिझेल तेच, हवा कमी.

२०११ ची गोष्ट. आमच्याच गावच्या एका कास्तकाराची ४०७, एका पंपवाल्यानं पंपाची कंपनीची सील तोडून स्क्रू दीड चक्कर आत घेऊन दिला. पहिले आठ-दहा दिवस माणूस लय खुश, "भाऊ, आता गाडी उडते म्हना!" तूर कटली, लाकडाचा लोड सुरू झाला आणि सेमाडोहच्या रस्त्यावर गाडी उभी राहिली. हेड उतरवलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा काठ बोटभर जागेत मेणासारखा वाहून गेला होता, वरची रिंग त्या जागी उघडी पडली होती, लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) वरून खालपर्यंत ॲल्युमिनियमची चंदेरी पट्टी चिकटलेली, नखानं खरवडली तर पापुद्रे निघत होते. बाजूच्या पिस्टनवर नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या) फवाऱ्याचे डाग काळे जाड बसलेले. नवीन लायनर-पिस्टनचा सेट, हेडचं काम, आणि ऐन हंगामात गाडी महिनाभर उभी. तो पैसा मला भेटला, पण मला तो पैसा आजही बरा वाटत नाही. गाडी आधी माझ्याकडं आली असती तर त्याच्या दहाव्या हिश्शात काम झालं असतं, कारण मूळ दुखणं फक्त चोंदलेला एअर क्लीनर अन दोन टपकणारे नोझल होतं.

म्हणून तुमच्या गाडीचं पहिलं काम म्हणजे ताकद वाढवणं नाही, कंपनीनं दिलेली ताकद परत आणणं. पंचवीस वर्षं चाललेल्या इंजिनची चौथाई ताकद कुठं ना कुठं गळालेलीच असते आणि ती शोधायला पैसा कमी, वेळ जास्त लागते.

एअर क्लीनरपासून सुरू करा. तुमचा ऑइल बाथवाला असेल तर खालची वाटी काढा, तेल खुणेच्या वर भरलेलं असेल तर तेही चूक, हवेचा रस्ता अडते. जाळी डिझेलमध्ये धुवा, नुसती झटकू नका. जिनिंगच्या आवारात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत रुईचा थर बसते, वरून धूळ, आणि तो थर नमद्यासारखा घट्ट होते. मी एकदा असा थर चाकूनं कापून काढला, एका तुकड्यात निघाला. ती गाडी पॉवर वाढवायलाच आली होती, तेवढ्यावरच परत गेली.

मग पाहा की क्लीनर हवा घेते कुठून. बऱ्याच जुन्या गाड्यांत मूळचा पाइप फाटून पडून गेलेला असते आणि क्लीनर रेडिएटरच्या मागची, इंजिनवर तापलेली हवा ओढते. बाहेर ४५ डिग्री असली तर तिथं ६५ सहज असते. तेवढ्या वीस डिग्रीत सहा टक्के हवा गेली. कॅबिनच्या बाजूनं उंचावरून, धूळ अन पाणी लागणार नाही अशा ठिकाणाहून बाहेरची हवा येईल असा पाइप टाका, जोड घट्ट, वळणं कमी. हजार-दोन हजाराचं काम असेल, पण सहा टक्के ताकद एवढ्या पैशात दुसरीकडं भेटत नाही.

सायलेन्सरही पाहा. काळा धूर सोडणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून काजळीनं भरते, वरून एखादा दगड लागून पाइप चेपलेला. मॅनिफोल्डनंतरचा जोड मोकळा करून गावाबाहेर थोडं अंतर भरल्या गाडीनं चालवून पाहा, आवाज होईल, पण चढ सोपा वाटला तर दुखणं तिथंच आहे.

त्यानंतर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबते ते. नोझल काढून त्या जागी डिझेलचंच गेज लावायचं, पेट्रोल गाडीचं गेज त्या दाबाला टिकत नाही. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही सिलिंडर एका दमात मोजायचे. आकडा किती आला त्याच्यापेक्षा चौघांत फरक किती आहे ते जास्त महत्त्वाचं, एखादं दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथं रिंग, व्हॉल्व्ह नाही तर गॅसकेट. ऑइल भरायचं झाकण काढून धूर भकभक येत असेल तर रिंगा गेल्या. अशा इंजिनवर टर्बो काय अन पंप काय, काहीच करू नका, आधी लायनर-पिस्टन.

हेड उतरवलं तर व्हॉल्व्ह घासून घ्या, सीट पाहा, गाइड पाहा. एक मात्र करू नका, पेट्रोल गाडीच्या रेसिंगवाल्यांचं ऐकून इनलेटचे पोर्ट ग्राइंडरनं मोठे अन गुळगुळीत करणं. या इंजिनच्या इनलेट पोर्टला मुद्दाम पीळ दिलेला असते, त्याच्यामुळं हवा सिलिंडरमध्ये भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि तो भोवराच डिझेल मिसळते. पीळ घासला की हवा थोडी जास्त येईलही पण जळणार नीट नाही, धूर वाढेल. कार्बन साफ करा, गॅसकेट पोर्टच्या तोंडावर आडवी येत असेल तर नीट बसवा, बस.

आता डिझेलचं. टाकीपासून पंपापर्यंत कुठं हवा ओढून राहिली का, फिल्टर कधी बदलला, बँजोचे (डिझेलच्या पाइपच्या जोडाच्या बोल्टचे) वॉशर जुनेच चढवले का. नोझल टेस्टरवर लावून पाहा, भोकाच्या नोझलचा दाब साधारण २०० ते २५० बारच्या मधात असते, नेमका आकडा तुमच्या नोझलच्या नंबरप्रमाणं. पण दाबापेक्षा फवारा पाहा. चांगला नोझल करकर आवाज करून धुक्यासारखं सोडते अन मग टोक कोरडं राहते. टपकणारा नोझल म्हणजे पिस्टनवर धार. त्या तिसऱ्या सिलिंडरचं तेच झालं होतं.

टायमिंग, म्हणजे पंपानं डिझेल दाबायची वेळ, लोक फक्त खुणेवर बसवून मोकळे होतात, पण पंचवीस वर्षांत गिअर घासलेले, कपलिंग बदललेलं, खूण कुठं अन खरं कुठं. इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारा वेगळा दांडा, म्हणजे प्लंजर, सगळे एका ओळीत) असेल तर मी अजूनही जुन्याच पद्धतीनं करतो. पहिल्या प्लंजरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह अन स्प्रिंग काढायची, होल्डर परत बसवून त्याच्यावर बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली नळी लावायची, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) पूर्ण डिझेलवर ठेवायचा, आणि फीड पंप हातानं मारत क्रँक हळूहळू फिरवायचा, पहिलं सिलिंडर कम्प्रेशनवर येत असताना. आधी नळीतून धार पडते, मग धार बारीक होते, मग थेंब. धार तुटून थेंबावर येते ती जागा म्हणजे पंपानं डिझेल दाबायला सुरुवात केली ती जागा, तेव्हाच फ्लायव्हीलवरची डिग्री वाचायची. घाई केली तर दोन डिग्रीचा फरक सहज पडते, म्हणून मी तीनदा करतो अन तिन्ही सारखे आले तरच बोल्ट कसतो. मागून फिरवलं तर गिअरची ढिलाई मधात येते, क्रँक नेहमी चालायच्या दिशेनंच आणा. रोटरी पंप (एकाच फिरत्या भागातून चौघांना डिझेल देणारा) असेल तर डायल गेज लावून प्लंजरची चाल मोजावी लागते, ते वेगळं. पुस्तकापेक्षा पुढं टायमिंग नेलं की आवाज कडक येते, पिकअप आल्यासारखं वाटते, पण सिलिंडरमधला दाब चढते अन हेड गॅसकेट, बेअरिंग त्याची किंमत देतात. मागं राहिलं तर धूर अन तापलेला एक्झॉस्ट.

आणि इंजिनच्या बाहेरही पाहा राजा! दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमी मारत चालवून चारही ड्रमजवळ हात न्या, एखादा जास्त तापलेला असेल तर ब्रेक चिकटून राहिला, तुमची ताकद तिथं जळून राहिली. मागं मोठ्या साइजचे टायर टाकले असतील तर ते म्हणजे गिअर उंच केल्यासारखंच, चढावर दम तुटणारच. आणि लोड. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी वीसच्या स्पीडनं जायला एका टनामागं फक्त वर चढवायलाच साधारण साडेचार हॉर्सपॉवर लागते. पासिंगपेक्षा दोन टन जास्त भरलं तर नऊ हॉर्सपॉवर तिथंच गेली, हे तुमच्यासारख्या इंजिनसाठी लय होते.

एवढं सगळं झाल्यावर पंप टेस्ट बेंचवर चढवा, पण वाढवायला नाही, सारखा करायला. चारही प्लंजरचं माप जुन्या पंपात क्वचितच सारखं असते. एक जास्त देते, तो धूर सोडते, एक कमी देते, तो ओझं ओढत नाही, आणि ड्रायव्हरला वाटते गाडीत दम नाही. सारखं केल्यावर मी डिझेल फार तर हलकंसं वाढवतो, म्हणजे भरल्या गाडीनं पूर्ण ॲक्सिलरेटरवर मागं नुसती करडी झाक दिसेल इथपर्यंत जातो, त्याच्या पुढं नाही. गव्हर्नरची (आरपीएमची हद्द ठेवणाऱ्या भागाची) सील तर तोडूच देऊ नका. २८०० चं इंजिन ३२०० ला पळवलं तर कनेक्टिंग रॉड अन बोल्टवरचा ओढ आरपीएमच्या वर्गानं वाढते, म्हणजे तीस टक्क्यांच्या वर.

आता टर्बो. बिनटर्बोच्या इंजिनमध्ये खरी ताकद वाढवायचा हाच रस्ता आहे कारण तो हवा वाढवते, पण पूर्ण माहिती घेऊन जा. अर्धा बार बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) म्हटलं की लोकांना वाटते पन्नास टक्के हवा वाढली. तसं होत नाही. दाबली की हवा तापते, ४५ डिग्रीची हवा टर्बोतून साधारण १०० च्या वर निघते, तापली म्हणजे पसरली, हिशोब केला तर हवा पंचवीस टक्क्यांच्या आसपासच वाढते. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) लावून ६५ पर्यंत उतरवली तर चाळीस टक्के. म्हणजे आपल्या भागात इंटरकूलर नसलेला टर्बो हा अर्धाच टर्बो.

आणि कंपनीचं टर्बो इंजिन म्हणजे साधं इंजिन अधिक टर्बो असं नसते. टर्बोच्या पिस्टनमध्ये वरच्या रिंगच्या खाचेत लोखंडाचं कडं ओतलेलं असते, खालून पिस्टनच्या पोटावर ऑइलचा फवारा मारणारे जेट असतात, कम्प्रेशन रेशो वेगळा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं मटेरियल वेगळं, ऑइल कूलर मोठा. पंपावर डायफ्रॅमचा तुकडा असते जो बूस्ट येईपर्यंत डिझेल रोखून धरते, तुमच्या पंपावर तो नाही, म्हणजे डिझेल वाढवलं की खालच्या आरपीएमवर धूर येणारच. भंगारातला टर्बो अन वेल्डिंग केलेला मॅनिफोल्ड एवढ्यावर हे होत नाही.

तरीही करायचंच असेल तर माझं मत असं की त्याच घराण्याचं कंपनीचं पूर्ण टर्बो इंजिन, पंप, मॅनिफोल्ड, रेडिएटर, इंटरकूलरसकट घ्या अन पूर्ण खोलून बांधा. घेताना ब्लॉक नीट पाहा, कारण ४९७ च्याच नावानं १२८ च्या स्ट्रोकचं ३७८३ सीसीचंही इंजिन येते, भंगारवाला दोन्हीला ४९७ च म्हणते. क्लच प्लेट-प्रेशर प्लेट त्याच इंजिनची टाका, जुनी सरकेल. एक्झॉस्टला टर्बोच्या आधी टेम्परेचरचं मीटर लावा, ६५० ते ७०० डिग्रीच्या पुढं गाडी सतत ओढू नका, ॲल्युमिनियम ६६० ला वितळते अन पिस्टन त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. टर्बोचं ऑइल परत जायचा पाइप जाड, सरळ उताराचा पाहिजे, तो चोंदला की ऑइल सील ओलांडून इनलेटमध्ये येते. घाट चढून आल्यावर दोन मिनिट स्लो चालू द्या, मग बंद करा.

रेडिएटरचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडं हे लय होते. खारपाणपट्ट्यात, अकोला, दर्यापूर, अंजनगावकडं, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकतात. क्षार आत लायनरभोवती पांढऱ्या दगडासारखे बसतात, मी छिन्नीनं काढले आहेत. पाणी फिरते पण उष्णता घेत नाही. ताकद वाढली की उष्णता वाढणारच, म्हणून आधी रेडिएटरचा कोर साफ, ब्लॉकची झाकणं काढून आतली सफाई, आणि कूलंट. थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय सोडा, इंजिन थंड चालते, लायनर जास्त घासते, आणि बऱ्याच इंजिनमध्ये तो नसला की बायपास उघडा राहून थोडं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरते.

ब्रेकही तेवढेच. चढताना वेग आला म्हणजे उतरताना माणूस त्याच वेगाची सवय घेऊन उतरते. लायनिंग, सिलिंडर, व्हॅक्यूम सगळं नवं करूनच जास्त ताकदीची गाडी घाटात न्या.

कागदाचं पण पाहून घ्या. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर लिहिलेल्या कंपनीच्या माहितीपेक्षा वेगळी गाडी बनवता येत नाही, आणि इंजिन बदललं, त्याच मेकचं असलं तरी, आरटीओची परवानगी घेऊन नवीन नंबर आरसीवर चढवावा लागते. नाही चढवला अन अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिले तेच धरते. पीयूसीला तुमच्या काळच्या गाडीची धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धूर मोजायचं एकक) आहे, स्क्रू फिरवलेली गाडी तिथंच अडकते. म्हणून टर्बोआधी आरटीओत विचारा, मग पैसा टाका.

तुमच्या गाडीचं मला आत्ता एवढंच सांगा. सकाळी थंड गाडी सुरू केली की पहिल्या मिनिटात धूर पांढरा, निळा की काळा? चारही सिलिंडरचं कम्प्रेशन किती आलं? पंप इनलाइन की रोटरी, आणि त्याची सील जागेवर आहे की कुणी आधीच तोडली? एअर क्लीनरच्या वाटीचा उघडून फोटो काढा. सील तुटलेली असेल तर गाडी भरून चढावर नेऊच नका, तशीच रिकामी आणा, पंप काढून पहिले बेंचवर माप पाहू.